सुपे, १८७५ ते १८७७ : दुष्काळावरच्या नाटकातल्या शेतकऱ्यापुढे नेमके कुठले पेच होते?

कऱ्हाकाठ

राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक लिहितोय. काळ मे १८७५ ते ऑगस्ट १८७७, जागा भीमथडी तालुक्यात सुप्याच्या आसपासचं एक लहान गाव. पहिला अंक १२ मे १८७५ ला संपतो : सुप्याचा बाजार, सावकारांच्या पेढ्यांवर चालून गेलेला जमाव, जळणाऱ्या वह्या आणि कर्जखतं. दुसरा अंक १८७६ च्या कोरड्या हस्तापासून सुरू होतो.

घर कुणब्याचं. थोरला भाऊ, त्याची बायको, धाकटा भाऊ, म्हातारी आई, नऊ वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा. सत्तावीस एकर जिराईत, त्यातली बरीच हलकी. एक बैलजोडी.

सध्या चार पेच धरलेत. पहिला आणि मध्यवर्ती : राखून ठेवलेलं बियाणं खायचं की नाही. दुसरा : जमिनीच्या खरेदीखतावर अंगठा द्यायचा का. तिसरा : पाटलाचं पेव, म्हणजे धान्याचं जमिनीतलं कोठार, फोडायचं का. चौथा : सरकारी कामावर खडी फोडायला जायचं तर आईला मागे ठेवायचं का.

यातलं काय त्या काळाला धरून आहे आणि काय नुसतं नाटकी? मापं, व्याज, कायदा, हंगाम, जे नेमकं सांगता येईल ते सांगा. सावकाराला खलनायक करायचं नाही, शेतकऱ्याला संतही नाही.

माळरान

बियाण्याचा प्रवेश ठेवा, पण मध्यवर्ती करू नका. हिशेबात तो टिकत नाही.

शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, बी एकरी चार-पाच किलो लागतं, जुन्या मापात पायली-सव्वा पायली. बाजरीला दोन किलोसुद्धा पुष्कळ. तुमच्या घराने पंधरा एकर शाळू धरला तर बी झालं पंधरा ते अठरा पायल्या, म्हणजे साठ ते बहात्तर शेर. चार मोठी माणसं आणि दोन पोरं असलेल्या घराला दोन वेळच्या भाकरीला दिवसाला तीन शेर ज्वारी लागणारच. म्हणजे सगळं बी खाल्लं तरी वीस ते चोवीस दिवस. पाऊस गेला १८७६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि नवं धान्य हातात यायचं ते पुढचा पावसाळा साधला तर बाजरीचं, १८७७ च्या सप्टेंबरनंतर. वर्षभराच्या खाईत तीन आठवड्यांची भर. हे घरातल्या म्हातारीला कुणी न सांगता कळतं. त्यामुळे 'खायचं की राखायचं' यावर अर्धा तास वाद घालणारं शेतकरी कुटुंब प्रेक्षकांतल्या शेतकऱ्याला पटणार नाही.

दुसरं, इतक्या कर्जबाजारी घरात बी घरचं असेलच कशावरून? पेऱ्याच्या वेळी सावकाराकडून धान्य सवाई-दिढीने उचलायचं आणि खळ्यावर पायलीला सव्वा किंवा दीड पायली मोजून द्यायची, ही रीत होती. ज्याच्या वह्या मे १८७५ मध्ये जाळल्या त्याच्याच दारात सव्वा वर्षानंतर बी मागायला जायचं आहे. बियाण्याचा खरा प्रवेश हा आहे.

आणि बी मिळालं तर पुढे एक निर्णय आहे जो कुणी नाटकात आणत नाही : हस्त कोरडा चाललाय, जमिनीत ओल वरच्या चार बोटांत नाही, खाली थोडी आहे. पाभर (पेरणीचं अवजार) खोल धरून पेरावं का? पेरलं आणि उगवलं नाही तर बी मातीत गेलं आणि कर्ज अंगावर राहिलं. नाही पेरलं आणि पुढे आठ दिवसांत पाऊस झाला तर वर्ष हातचं गेलं. इथे दोघे भाऊ भांडू शकतात, आणि दोघांचंही बरोबर असतं.

मध्यवर्ती पेच बैलांचा करा. त्याचं कारण सविस्तर सांगतो.

बैलजोडीला दिवसाला बारा ते पंधरा किलो कोरडा कडबा लागतो. ऑक्टोबर ते मे अखेर आठ महिने म्हणजे तीन-साडेतीन टन. शाळू आलाच नाही म्हणजे कडबाही आला नाही. गेल्या वर्षीची गंज असली तर ती दिवाळीनंतर महिना-दोन महिने जाते. मग गोठ्यावरचं गवत उतरवून घालायचं, मग बाभळीचा पाला आणि शेंगा. जानेवारीत जनावर उठवून उभं करावं लागतं. तेव्हा निर्णय डिसेंबरच्या आत घ्यायला हवा, अंगात चालण्याची ताकद आहे तोवर.

पर्याय चार, आणि प्रत्येकाची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी पडते.

एक, धाकट्याने जोडी घेऊन मावळात किंवा मोगलाईत (निजामाच्या मुलुखात), वऱ्हाडाकडे जायचं. पुष्कळांनी तेच केलं. वाटेत चारा-पाणी नाही मिळालं तर जनावरं वाटेतच पडतात, आणि घरातला एक धडधाकट कमावता माणूस महिनोन्‌महिने बाहेर.

दोन, बाजारात विकायची. सगळेच विकायला आलेले, त्यामुळे भाव पडलेला. पुढच्या जूनमध्ये पाऊस झाला की सगळेच घ्यायला येणार आणि तीच जोडी कित्येक पटींनी महाग.

तीन, खाटकाला द्यायची. थोरल्याने हात जोडून ज्याची बैलपोळ्याला पूजा केली त्याचा हा सौदा. खरेदीदार दलालामार्फत येतो, म्हणून 'मी शेतकऱ्यालाच विकला' असं स्वतःला समजावण्याची सोयही असते. आई ती सोय मान्य करते की नाही, तिथे तुमचा संवाद आहे.

चार, दावणीला मरू द्यायची. हा निर्णय न घेतल्याने आपोआप होणारा निर्णय, आणि पुष्कळ घरांत झाला तो हाच.

आता यातली गाठ. लाकडी मोठ्या नांगराला काळ्या जमिनीत तीन-चार जोड्या लागतात. कुळव आणि पाभर एका जोडीवर चालते, नांगरट नाही. एक जोडीचं घर नांगरट सावडीनेच करतं : चार घरांच्या जोड्या मिळून आज ह्याचं रान, उद्या त्याचं. तुमच्या घराने जोडी विकली की उरलेल्या तिघांचीही नांगरट बसली. म्हणजे पोटच्या पोरांना दोन महिने जगवायचं तर तीन शेजाऱ्यांचं पुढचं वर्ष बुडवायचं. शेजारी दारात येऊन उभा राहील तेव्हा तो चुकीचं काहीच बोलणार नाही. बियाण्यात ही ताकद नाही, कारण बी ज्याचं त्याचं असतं.

मोडीवाचक

माळरान यांच्या बैलांना माझा दुजोरा. मी फक्त कागदांबद्दल लिहितो, कारण या विषयावरच्या बहुतेक नाटकांत कागद चुकलेला असतो.

'अंगठा दे' हे वाक्य काढून टाका. १८७५ मध्ये खतावर अंगठ्याचा ठसा घेण्याची पद्धत नव्हती. अक्षरशत्रू कुणबी 'निशाणी नांगर' करायचा : लेखक त्याचं नाव लिहितो आणि शेजारी नांगराची आकृती काढली जाते. बाईची निशाणी बांगडी. रंगमंचावर हे जास्त प्रभावी आहे. ज्या माणसाकडून जमीन जातेय तोच कागदावर नांगर काढतोय. फक्त त्यावर संवादात टिप्पणी करू नका, प्रेक्षकाला दिसू द्या.

लिपी. कुलकर्ण्याने लिहिलेलं खत मोडीत. मारवाडी किंवा गुजराती सावकाराची वही त्याच्या त्याच्या लिपीत, जी बहुधा कुलकर्ण्यालाही वाचता येत नाही. नेपथ्यात देवनागरीतली वही नको. वही लांबट, लाल बासनातली. खतं वेगळी, रुमालात बांधलेल्या दप्तरात.

कर्ज वाढतं कसं, हे एका छोट्या संवादात दाखवता येतं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताला तीन वर्षांची मुदत पडली. हेतू रयतेच्या बाजूचा होता. झालं असं की दर तीन वर्षांनी सावकार जुनं खत फाडून नवं लिहून घेऊ लागला, आणि थकलेलं व्याज नव्या खतात मुद्दल झालं. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन रुपये. तीन वर्षांचं व्याज बहात्तर. नवं खत एकशे बहात्तरचं. आणखी तीन वर्षांनी जवळजवळ दोनशे शहाण्णव. तुमच्या थोरल्याला दामदुपट माहीत आहे, म्हणजे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये हा जुना नियम. तो म्हणेल, 'शंभराचे दोनशे, त्याच्या वर एक पै नाही.' सावकार शांतपणे दाखवेल की कुठल्याच खतात व्याज मुद्दलाइतकं झालेलं नाही : पहिल्यात शंभरावर बहात्तर, दुसऱ्यात एकशे बहात्तरावर एकशे चोवीस. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात, हे तुम्हाला हवं आहेच.

याशिवाय मनोती, म्हणजे कर्ज देतानाच सावकाराने काढून घ्यायची रक्कम, आधीच कापली जाते, स्टँपाच्या कागदाचे पैसे कुळाच्याच माथी, आणि मध्ये दिलेल्या धान्याची पावती नाही. मध्ये दिलेलं वहीत जमा झालं की नाही हे कुळाला वाचता येत नाही.

कोर्ट. दावा लागतो, समन्स गावापर्यंत पोचतं किंवा पोचलं असं लिहिलं जातं, कूळ तालुक्याच्या गावी जात नाही, एकतर्फी हुकूमनामा होतो. जायचं तर दोन दिवसांची खोटी, वकिलाची फी, आणि खतावर निशाणी आहे का एवढंच विचारणार. हुकूमनाम्यानंतर दरखास्त, बेलीफ, जप्ती. कर्जापायी दिवाणी तुरुंगातही टाकता येत होतं. त्या भीतीपोटीच खरेदीखतं व्हायची : 'कागद खरेदीचा करू, जमीन तूच कस, पैसे फिटले की परत लिहून देतो.' तोंडी वचन. सावकार जिवंत आहे आणि मन बरं आहे तोवर ते चालतं. त्याचा मुलगा गादीवर आला की कागदच खरा.

आता दंगा. तुमच्या पहिल्या अंकाच्या शेवटासाठी हे महत्त्वाचं आहे : जाळल्याने सगळं कर्ज जात नव्हतं. शंभर रुपयांवरच्या स्थावराच्या कागदाला नोंदणी सक्तीची होती, त्यामुळे जमिनीच्या मोठ्या गहाणखताची नक्कल सबरजिस्ट्रारच्या दप्तरात सुखरूप. हुकूमनामा झाला असेल तर त्याची नोंद कोर्टात. जळतं ते किरकोळ कर्ज, बिननोंदणीची खतं, वहीतली उधारी. म्हणजे ज्याची जमीन आधीच अडकली त्याला आगीतून फारसं काही मिळत नाही. ज्याचं कर्ज वीस-पंचवीस रुपयांचं आहे तो मोकळा होतो. थोरला पुढे होऊन आग लावतो, फायदा शेजाऱ्याचा होतो, आणि अटक थोरल्याला.

आणि एक प्रसंग तुम्हाला फुकट मिळतोय. जमावाला कागद वाचता येत नाहीत. दप्तर उघडलं, रुमाल सुटले, आता कुणाचं खत कुठलं? शाळेत चार बुकं आणि थोडी मोडी शिकलेला एखादा पोरगा लागतो. लोक त्याच्या हातात कागद देत जातात. त्यात त्याला आपल्या चुलत्याने आपल्याच बापाची जमीन लिहून दिल्याचा कागद सापडला तर तो मोठ्याने वाचेल का?

आडपरडे

पेवाबद्दल थोडक्यात, पण जिवाशी आहे म्हणून लिहितो.

पेव म्हणजे जमिनीतलं तोंडाला अरुंद, खाली घेर असलेलं कोठार. आतून कडबा-गवताचं अस्तर, वर माती थापून तोंड बंद. बंद पेवात धान्याच्या श्वासाने आणि बुरशीने विषारी हवा साठते. तोंड उघडल्याबरोबर आत उतरलेला माणूस गुदमरून मरतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. रीत अशी : तोंड उघडून बराच वेळ, शक्यतो रात्रभर, मोकळं ठेवायचं, मग जळता दिवा दोरीने खाली सोडायचा, विझला नाही तरच उतरायचं. चोरी करणाऱ्याकडे तेवढा वेळ नसतो. तुमचा तिसरा पेच इथे आपोआप टोकदार होतो : घाई करायची तर कुणाला तरी आधी उतरवावं लागणार, आणि तो कोण हे ठरवावं लागणार. बहुतेक वेळा तो गावकुसाबाहेरचा असेल.

शिवाय भिंतीलगतची ज्वारी काळी पडून उग्र वास मारते. जिवावर उदार होऊन काढलेल्यातलं सगळंच चांगलं निघत नाही.

कऱ्हाकाठ

सावड आणि वाचणारा पोरगा, दोन्ही घेतलं. बियाण्याचा प्रवेश कोरड्या हस्तातल्या पेऱ्यावर नेतो. आता चौथ्या पेचाबद्दल कुणी सविस्तर लिहाल का? सरकारी कामाची जागा, मजुरी, म्हाताऱ्या माणसांना काय मिळत होतं? आणि धाकट्या भावाला शेवटी वासुदेव बळवंतांच्या टोळीत पाठवावं असं मनात आहे, ते बसतं का?

मुरूमखडी

आधी सोपं. वासुदेव बळवंत फडक्यांचे दरोडे फेब्रुवारी १८७९ मध्ये सुरू झाले, शिरूर तालुक्यातल्या धामारीपासून. तुमचं नाटक ऑगस्ट १८७७ ला संपतं. धाकटा तिथे जाऊ शकत नाही. दुष्काळाने त्यांना पेटवलं हे खरं, पण ते तुमच्या पडद्यानंतरचं आहे.

सरकारी काम. सुप्याच्या माणसाला पायी गाठता येतील अशी दोन मोठी कामं : दौंड ते मनमाड रेल्वेचं मातीकाम (लाइन १८७८ मध्ये सुरू झाली) आणि नीरेच्या कालव्याचं खोदकाम. म्हणजे तुम्हाला जागा शोधायला नको. पुरुष खणतात किंवा खडी फोडतात, बायका पाट्या वाहतात, मोठी पोरंही. काम मोजून, ठरल्या घनफुटाप्रमाणे. भरलं नाही तर मजुरी कापली जाते.

जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल दुष्काळाची पाहणी करायला सरकारचे प्रतिनिधी म्हणून आले आणि मजुरीचं नवं माप आलं : दिवसाला एक पौंड धान्याची किंमत, वर थोडे पैसे. बायकांना वरचे पैसे कमी, मुलांना एकूणच कमी. एक पौंड म्हणजे पक्क्या अर्ध्या शेराहूनही किंचित कमी. माळरान यांनी या घराचा रोजचा खप तीन शेर धरलाय. थोरला आणि त्याची बायको दोघं दिवसभर राबून एक शेराच्या आतबाहेर आणणार. साडेचारशे ग्रॅम ज्वारीत पंधरा-सोळाशे कॅलरी असतात. दगड फोडणाऱ्या पुरुषाला त्याच्या दुप्पट लागतात. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या मापाला उघड विरोध केला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही, गणेश वासुदेव जोशी पुढे असताना, लोकांची बाजू लावून धरली. त्या महिन्यांत हजारो मजूर नवी मजुरी नाकारून कामावरून उठून गेले. तुमच्या दुसऱ्या अंकात हा प्रसंग आलाच पाहिजे. संप म्हणजे इथे घोषणा नाहीत. पाटी खाली ठेवायची आणि चालू लागायचं. उठून गेलेल्याला त्या रात्री खायला काहीच नाही, आणि न उठलेल्याकडे उरलेले वळून बघणार. सहा वर्षांच्या पोराच्या आईने उठावं की बसून राहावं?

आता म्हातारी. धोरण असं होतं की लोकांना घराजवळच्या लहान कामांवरून लांबच्या मोठ्या कामांवर पाठवायचं, म्हणजे खरा गरजूच येईल. ज्याला रात्री घरी परतता येत नाही त्याने कुटुंबासकट कामाजवळ झोपडी टाकून राहायचं. म्हातारीला एक दिवसाची चाल झेपत नाही. गावात राहिली तर तिला धर्मादाय मदत मिळू शकते, पण त्या यादीत नाव घालायचं काम गावच्या पाटील-कुलकर्ण्याकडे. ज्या पाटलाचं पेव तुमच्या नाटकात आहे, त्याच्याच हातात ही यादी. म्हणजे चौथा पेच तिसऱ्याला बांधलेला आहे, वेगळा नाही : पेव फोडलं तर म्हातारीचं नाव यादीत राहणार नाही.

तिला पाठीवर घेऊन कामावर नेलं तर दोघांच्या एका शेरात सहावं तोंड. आणि १८७७ मध्ये पटकी पसरली. कामाच्या तळांवर गर्दी आणि आटत चाललेलं पाणी. तिथे नेणं हे सुरक्षित नेणं नव्हतंच.

मुलांबद्दल. पुण्याजवळ धनकवडीला सत्यशोधक मंडळींनी दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम चालवला. त्यासाठी जोतीराव फुल्यांनी मे १८७७ मध्ये मदतीचं आवाहन केलं. त्याआधी एप्रिलमध्ये सावित्रीबाई जुन्नरकडे ओतूरला दुष्काळाच्या कामात होत्या, तिथून त्यांनी लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. सहा वर्षांच्या मुलाला धनकवडीला पोचवून परत यायचं हा त्या घरापुढचा खराखुरा पर्याय होता. पण तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत असणार. तुमच्या म्हातारीला ते मान्य आहे का, हे लिहिणाऱ्याने ठरवावं.

गावकुसाबाहेर

सगळी चर्चा खातेदाराभोवती चाललीय. कर्ज मिळायला तारण लागतं. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याचं खतही नाही, म्हणून १२ मे ला त्याचं काही जळत नाही. १८७६ मध्ये मात्र तो सगळ्यात आधी कामावर पोचतो.

बलुतं खळ्यावर मिळतं. खळंच झालं नाही तर महार, मांग, चांभार, सुतार यांचं वर्षाचं उत्पन्न एका दिवसात शून्य. शेतकऱ्याकडे विकायला बैल आहे, भांडी आहेत, पोटापुरतं थोडं पडून असतं. यांच्याकडे हातच. मेलेल्या जनावराचं कातडं हा महारांचा हक्क. दुष्काळात जनावरं पटापट पडली तेव्हा कातडी निघाली भरमसाट, व्यापारी घ्यायलाही बसलेले, आणि मग जनावराचा मालक म्हणू लागतो : कातडं माझं. तुमच्या थोरल्याचा बैल दावणीला मेला तर कातड्याचे पैसे कुणाचे? रिवाजाने ते वेशीबाहेरच्या घराचे. थोरल्याच्या पोरांना त्या पैशांत आठ दिवसांची ज्वारी मिळेल. त्या घरातही पोरं आहेत. हा पेच घेतला नाहीत तर नाटक अर्ध्या गावाचंच राहील. कृपा करून त्या घराला एक तोंडी भूमिका नका देऊ, प्रवेश द्या.

नऊ वर्षांच्या मुलीचं काय करताय? गरीब कुणब्यांत मुलीच्या बापाने देज, म्हणजे नवऱ्याकडून पैसे, घ्यायची चाल होती. चाळिशीतला बिजवर, कणगीत दाणे असलेला, मागणी घालू शकतो. मुलीला तिथे भाकरी मिळेल हे खरं असतं, आणि घराला पैसे मिळतात हेही खरं असतं. आईने 'ती तरी जगेल' म्हटलं तर ते खोटं नसतं. हा प्रवेश रडका करू नका. लग्नाच्या बोलणीत रकमेची घासाघीस होऊ द्या, धान्याच्या मापात.

माळरान

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. माझ्या बैलांच्या हिशेबात कातडं यायलाच हवं होतं.

सावकाराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून दोन गोष्टी. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना, १८६१ ते १८६५, कापसाला सोन्याचा भाव होता आणि पैसा दख्खनमध्ये सहज मिळत होता. युद्ध थांबलं, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास, १८६७ ला इंदापुरापासून सुरुवात करून, जमीनमहसुलाची फेरआकारणी वाढीव दराने झाली. गावातला लहान सावकार स्वतः पुण्या-नगरच्या मोठ्या पेढीचा देणेकरी असतो. वरून तगादा आला की तो खाली आवळतो. तुमचा सावकार हा मधला माणूस करा. त्याच्यापुढे पेच असा : ज्या कुळाने वही जाळली त्याला १८७६ मध्ये बी द्यायचं का? दिलं तर पेढी म्हणणार वेडा आहेस. नाही दिलं तर कूळ उठून जाणार आणि उरलेलं येणंही बुडणार. फक्त सूड म्हणून तो नाही म्हणत नाही.

आणि दंगेखोरांचा रोख सरसकट सावकारीवर नव्हता. मारवाडी आणि गुजराती यांच्यावर मुख्यतः होता, ब्राह्मण सावकारांना बहुतेक ठिकाणी हात लागला नाही. सावकारी करणारे पाटील-देशमुखही होते. शिरूर तालुक्यातल्या करड्याला दंग्याच्या आधी, १८७४ च्या अखेरीस, जो बहिष्कार झाला त्याच्यामागे एका मारवाड्याचं येणं असलेला वजनदार देशमुख होता. न्हावी हजामत करेना, पाणक्या पाणी भरेना. तुमच्या गावातला पाटील स्वतः धान्य दिढीने देत असेल आणि तरी १२ मे ला जमावाच्या पुढे असेल तर ते त्या काळाशी सुसंगत आहे. थोरल्याला हे दिसत असतं.

कऱ्हाकाठ

यातून दुसऱ्या अंकाची रचनाच बदलते. बैल – सावड – कातडं ही एक साखळी, पेव – यादी – म्हातारी ही दुसरी. दंग्यानंतर गावावर काय आलं, हे पहिल्या आणि दुसऱ्या अंकाच्या मध्ये निवेदनात सांगायचंय. आणि शेवट १८७९ च्या कायद्याच्या उल्लेखाने करावा का?

मोडीवाचक

दंग्यानंतर : सुमारे साडेनऊशे जणांना अटक झाली, पाचशेवर दोषी ठरले. दंगलीच्या गावांत जादा पोलीस ठेवले गेले आणि त्यांचा खर्च गावावर बसवला. म्हणजे ज्याने हातही लावला नाही त्यानेही पट्टी भरली. थोरला तुरुंगातून सुटून आला तेव्हा शेजाऱ्याने त्याच्यापायी पट्टी भरलेली आहे. सावडीच्या भांडणात हे शेजाऱ्याच्या तोंडी येईलच, निवेदनात वाया घालवू नका. चौकशीसाठी आयोग नेमला गेला, १८७६ ला अहवाल झाला, आणि त्याच वर्षी पाऊस गेला.

१८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कोर्टाने खताच्या मागे जाऊन पहिल्यापासूनचा हिशेब तपासायचा, शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंग नाही, खत गावच्या रजिस्ट्रारसमोर, पावती सक्तीची. पण पुढे सावकार गहाणाऐवजी थेट खरेदीखतच मागू लागले, कारण त्याच्यामागे जाणं कठीण. त्याचा उल्लेख शेवटी केलात तर प्रेक्षक 'मग सुटलं' असं समजून उठेल. नका करू.

शेवटची तारीख मात्र बदला. १८७७ चा पावसाळा जूनमध्ये लागला, मग जुलै-ऑगस्टात मोठी उघडीप पडली आणि सगळ्यांचा धीर सुटला. चांगला पाऊस सप्टेंबरात परतला. ऑगस्टात पडदा पाडलात तर दुसरा दुष्काळ आला असं वाटेल. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात न्या. शाळूचा पेरा सुरू आहे, जमिनीला ओल आहे, आणि चार घरांच्या सावडीत आता किती जोड्या उरल्यात हे तुम्ही आधीच्या प्रवेशांत ठरवलेलं असेल. एक जोडी उरली असेल तर पाभर चालेल, फक्त ती आधी कुणाच्या रानात जायची ते बोलून ठरवावं लागेल. वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, सात-आठ दिवसच टिकतो.